आई काय घेत होती?

नाशिकची माणसं गोदावरीला गंगा म्हणतात. 'गंगेवर जाऊन येऊ' असं आई म्हणाली की आम्हाला कळायचं, आज बुधवार. गंगेच्या काठावर बुधवारचा बाजार भरायचा, अजूनही भरतो. भाजीचे ढीग, सुकट-बोंबलांचा वास, विळे-कोयते, सुपं-टोपल्या, दोरांची भेंडोळी, आणि पाण्याकडेला उभा असलेला दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पूर किती चढला हे नाशिककर या मारुतीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. लहानपणीची भीती मोजायलाही असा एखादा मारुती असायला हवा होता, असं मला फार वर्षं वाटत आलं.

1991 सालची संक्रांत नुकतीच झाली होती. मी सहा वर्षांची होते. आई मसाल्याच्या मिरच्या बघत होती आणि मी तिचा पदर धरून उभी होते. शेजारी एका बांगडीवालीनं चादर पसरली होती. मी तिकडे दोन पावलं गेले असेन, फार तर चार. मान वर केली तेव्हा समोर नुसते पाय होते. धोतरं, लुगडी, चपला, अनवाणी टाचा. त्यातला एकही पाय आईचा नव्हता.

मग एका बाईनं माझा हात धरला. हिरवी साडी. तिनं माझ्या मुठीत बोरं घातली आणि म्हणाली, "रडू नको. चल, आईकडं नेते तुझ्या." आम्ही चालू लागलो, पायऱ्या चढून वर रस्त्याला लागलो. आई बाजारात होती आणि आम्ही बाजाराबाहेर चाललो होतो. हे मला कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. रस्त्यावर बंदोबस्ताला असलेल्या एका हवालदारानं हटकलं, "पोरगी कोणाची?" बाई म्हणाली, "हरवलीय. चौकीतच आणत होते." एवढं बोलून तिनं माझा हात सोडला आणि ती गर्दीत शिरली. पुन्हा दिसली नाही.

हवालदार खाली बसला. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. आता त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यानं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. आईचं नाव विचारलं, मी म्हटलं, "आई." आईनं कुठल्या रंगाची साडी नेसलीय असं विचारलं, मी गप्प राहिले. त्यानं घाई केली नाही. थोडं थांबून त्यानं विचारलं, "बरं बाळा, आई काय घेत होती?"

"मिरच्या."

तो उठला, मला कडेवर घेतलं आणि थेट मिरचीच्या ओळीत गेला. दहा मिनिटांत आई सापडली. तिनं मला एक चापट मारली आणि मग रस्त्यातच मला पोटाशी धरून ती रडली. बोरं माझ्या मुठीत तशीच होती. घरी जाऊन आईनं ती फेकून दिली.

हे प्रकरण इथंच संपायला हवं होतं, आणि पाच वर्षं ते संपलेलंच होतं.

1996 च्या अखेरीला नाशिकमधून एक बातमी फुटली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. अंजनाबाई गावित ही बाई आणि रेणुका शिंदे, सीमा गावित या तिच्या दोन मुली. 1990 पासून त्या लहान मुलं पळवत होत्या. कोल्हापूर, पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक अशा शहरांतल्या गर्दीच्या जागा त्यांनी धरल्या होत्या. कडेवर मूल असलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही, म्हणून पाकीटमारी आणि चोरी करताना त्यांना मूल लागायचं. चोरी पकडली गेली तर लोकांचं लक्ष उडवायला त्या मुलालाच इजा करायची. मूल नकोसं झालं की त्याला संपवायचं. पळवलेली एक मुलगी त्यांच्याच नात्यागोत्यातली होती. तिच्या आईनं संशय सोडला नाही, तिच्या तक्रारीमागून पोलीस या तिघींपर्यंत पोहोचले आणि मग एकेक मूल उलगडत गेलं. अंजनाबाई 1997 मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, कोठडीत मेली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. 13 मुलांच्या अपहरणाचा हा खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशीची शिक्षा झाली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरीही फाशी झाली नाही. दयेच्या अर्जाला सरकारनं लावलेल्या विलंबामुळे 18 जानेवारी 2022 ला मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली.

बातमी फुटली तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा पेपर वाचायचे, घडी घालायचे आणि फळीवर वर ठेवून द्यायचे. आम्ही तो खुर्चीवर चढून काढायचो. गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या, "अहो, तुमची पोरगी वाचली. तीच असणार ती." आई आधी म्हणायची, "काय की बाई." मग म्हणू लागली, "असेल." दोन वर्षांत ती पाहुण्यांना सांगायची, "हिला नेलं होतं त्यांनी. हवालदारामुळे हाती लागली." आणि मी शेजारी बसून मान हलवायची.

तेव्हापासून मला स्वप्न पडू लागलं. हिरवी साडी, मुठीत बोरं, चढायच्या पायऱ्या. मी गर्दीत जाईनाशी झाले. पुढे माझी मुलगी झाली, तर तिचा हात मी इतका घट्ट धरायची की एकदा ती म्हणाली, "आई, दुखतंय."

ते स्वप्न पडू लागलं त्याच वर्षांत मी रहस्यकथा वाचायला लागले. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून चालू आहे. तिथल्या जुन्या कपाटांतून बाबूराव अर्नाळकर माझ्या हाती लागले. हजारावर कथा लिहिणारा हा माणूस, आणि त्याचे झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू. त्यांना कोणाला लहानपण नव्हतं. ते थेट कर्ते पुरुष म्हणूनच पानावर यायचे, गुन्हेगार पकडायचे आणि शांत झोपायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

पुढे वाचन वाढलं तसा दुसऱ्या जातीचा गुप्तहेर भेटला. आतून मोडलेला, झोप नसलेला, खुन्याच्या मागावर असताना स्वतःच्या लहानपणाशी धडकणारा. थॉमस हॅरिस यांच्या 1988 च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' मधली क्लॅरिस स्टार्लिंग अजून प्रशिक्षणार्थी आहे. पोलिसात असलेला बाप लहानपणीच मारला गेला. नातेवाइकांकडे राहताना रात्री ऐकलेला कोकरांचा आक्रोश तिच्या कानांतून जात नाही. पळवलेली मुलगी सोडवली तर ती कोकरं गप्प होतील, अशी तिची आशा. आज मराठीपासून स्वीडिशपर्यंत कुठलीही गुन्हेमालिका लावा, तपास अधिकाऱ्याच्या पोटात अशी एक जखम असतेच. आणि कथेची खात्री असते की ही जखमच त्याची ताकद आहे, जे इतरांना दिसत नाही ते त्याला तिच्यामुळे दिसतं.

मी ही खात्री कितीतरी वर्षं उराशी धरली. मला वाटायचं, मलाही दिसतं. गर्दीतली वाईट बाई मी वासावरून ओळखीन.

खऱ्या जगात असा शोध घेणारा एक माणूस आहे. अमेरिकन लेखक जेम्स एलरॉय. 1958 च्या जूनमध्ये त्यांच्या आईचा खून झाला, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. खुनी सापडला नाही. मुलगा मोठा झाला आणि आयुष्यभर खुनांच्या कादंबऱ्या लिहीत राहिला. पुढे त्यांनी बिल स्टोनर या निवृत्त तपास अधिकाऱ्याला बरोबर घेतलं, जुनी फाइल उघडली, साक्षीदार शोधले. त्या शोधाचं पुस्तक 1996 मध्ये आलं. खुनी तरीही सापडला नाही. मला त्या पुस्तकातली एक गोष्ट सर्वांत खरी वाटते. शोध खुन्याचा सुरू होतो आणि हाती आई लागते, जिला तो मुलगा दहाव्या वर्षी नीट ओळखतही नव्हता.

माझीही आईच माझ्या हाती लागली, आणि तीही एका गोधडीतून.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीसाठी आईची जुनी गोधडी उन्हात टाकली होती. तिच्या मधोमध एक हिरवा तुकडा होता, बारीक पिवळ्या काठाचा. मी सहज विचारलं, "हे कशाचं गं?" आई म्हणाली, "ती माझी हिरवी साडी. तू हरवली होतीस ना बाजारात, त्या दिवशी हीच होती अंगावर. नंतर नेसावीशीच वाटली नाही. फाडून गोधडीत घातली."

मी ते ठिगळ हातात धरून बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. तो काठ मला ओळखीचा होता. पण माझ्या स्वप्नात तो त्या दुसऱ्या बाईच्या अंगावर होता.

मी आईला विचारलं, "आणि त्या बाईची साडी कुठली होती?"

"निळी," आई पटकन म्हणाली.

आईनं ती बाई कधी पाहिलीच नव्हती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा तपास केला, आणि तो माझ्याच जबाबाचा केला. मी काय पाहिलं? एका बाईनं हात धरला, बोरं दिली, वर रस्त्याकडे नेलं. ती चौकीत चालली होती का? चौकी वरच्या अंगालाच होती. ती थांबली का नाही? पोलिसांसमोर थांबायला गरीब बाई घाबरते, हे आज मला ठाऊक आहे. तिचा चेहरा? काही नाही, पुसून गेलाय. पेपरातले फोटो मी पुन्हा काढून पाहिले. ओळख पटली नाही. पटली असती तरी त्या ओळखीवर मी विश्वास ठेवला नसता.

कारण स्मृती काय करू शकते याचा एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये तो प्रसिद्ध केला. 24 जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार हकिगती वाचायला दिल्या. तीन घरच्यांनी सांगितलेल्या, खऱ्या. चौथी रचलेली, 'तू पाच वर्षांचा असताना बाजारसंकुलात हरवला होतास, रडलास, मग एका वयस्कर बाईनं तुला धीर दिला आणि तू घरच्यांना सापडलास.' साधारण चौथा हिस्सा माणसांना ही न घडलेली गोष्ट, पूर्ण किंवा थोडीफार, आठवली. हा प्रयोग वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझं हरवणं खरं होतं. पण त्यावर पुढे चढलेलं सगळं, ती खुनी बाई, तिची साडी, माझं मरणाच्या दारातून परतणं, हे गल्लीनं, पेपरानं आणि घरच्या प्रेमानं थरावर थर देऊन चढवलेलं होतं. खरी भीती होती आईचा पाय न दिसण्याची. तिला मी नंतर खुन्याचा चेहरा लावला.

त्यामुळे आज मी त्या बाईवरचा आरोप मागे घेते. ती निर्दोष होती असं सांगता येणार नाही. पण माझ्याकडे पुरावा नाही, आणि जखम हा पुरावा नसतो.

आमच्याकडे त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. 1906 मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्याला पोलीस प्रशिक्षण शाळा म्हणून ती सुरू झाली आणि 1909 मध्ये नाशिकला आली. राज्याचे उपनिरीक्षक इथं घडतात. आमच्या शेजारची एक मुलगी तिथून उत्तीर्ण झाली. दीक्षान्त संचलनाला तिनं मला आग्रहानं नेलं होतं. तिची आई शेतमजुरी करून आलेली, मैदानाच्या कडेला उभी राहून डोळे पुसत होती. आता ती मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे तपास तिच्याकडे येतात. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा मी तिला माझी गोष्ट सांगितली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, त्या हवालदारानं जे केलं ना, ते आता कायद्यात लिहिलंय."

तिनं समजावून सांगितलं. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या. आणि जबाब घेताना अंगावर गणवेश नको. ती सलवार-कमीज घालून जाते, पर्समध्ये खडू आणि कोरे कागद ठेवते, जमिनीवर बसते. "पहिला प्रश्न 'काय झालं' हा नसतो," ती म्हणाली. "'जेवलीस का' हा असतो."

मला रमाकांत कुलकर्णी आठवले. 1968 मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या गरिबांची डोकी फोडणारा रामन राघव पकडला गेला, तेव्हा तपासाची सूत्रं त्यांच्याकडे होती. रामन काही बोलेना. शेवटी त्याला हवं ते विचारलं गेलं. त्यानं कोंबडीचं जेवण मागितलं, ते दिलं. मग तेल, कंगवा, आरसा मागितला, तेही दिलं. त्यानंतर तो बोलू लागला आणि बोलतच राहिला. विचारपूस या आपल्या शब्दात दोन्ही आहे, चौकशीही आणि मायाही. चांगला तपास अधिकारी दोन्ही अर्थ एकत्र वापरतो.

मी त्या मुलीला विचारलं, "तुला याचा त्रास होत नाही?"

ती बराच वेळ हातातल्या कपाकडे बघत राहिली. तिच्या लहानपणी तिच्या घरात काय चालायचं ते गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू यायचं. आम्ही कोणी कधी दार वाजवलं नाही. तो आमचा गुन्हा आहे आणि तो मी इथं नोंदवते. ती म्हणाली, "होतो. एखादी पोर कोपऱ्यात जाऊन बसते ना, तेव्हा मला आमच्या घरातला कोपरा दिसतो. पहिल्या वर्षी मी चिडायचे. आरोपी समोर आला की वाटायचं, हा आमचा बाबाच आहे. मग साहेबांनी एकदा सांगितलं, 'तू तुझी केस चालवतेयस. पोरीची चालव.' तेव्हापासून घरातनं निघताना मी स्वतःला बजावते. माझं माझ्यापाशी, तिचं तिच्यापाशी."

"आणि तुझं?"

"त्यासाठी मी डॉक्टरकडे जाते, ताई. महिन्यातून दोनदा. खात्यात कोणाला सांगत नाही."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, पण मला ते टोचलं. कथेतल्या पोलिसाच्या जखमेवर आपण जीव टाकतो. खऱ्या पोलिसाला जखम असू शकते हे मात्र आपल्याला चालत नाही. बारा-बारा तासांचा बंदोबस्त, सणावाराला घर नाही, आज चिमुरड्याच्या मृतदेहाचा पंचनामा आणि उद्या मंत्र्यांचा दौरा. अशा माणसानं मन मोकळं करायला जावं तर ते लपून. हे बदलायला हवं. ज्याच्याकडे आपण आपल्या मुलांची भीती सोपवतो, त्याची भीती ऐकणारं कोणीतरी त्याच्या खात्यातच, उघडपणे असायला हवं.

खुनी पकडला की तपास करणाऱ्याचं लहानपण बरं होतं, हे मात्र खरं नाही. गावित बहिणी पकडल्या गेल्या म्हणून माझी भीती गेली नाही, उलट तिला नाव मिळालं. माझी भीती उतरली ती एका ठिगळामुळे. आणि गेली पस्तीस वर्षं ज्यानं मला धरून ठेवलं तो माझ्यासाठी खाली बसलेला एक माणूस आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. मी ते कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तो बहुधा नसेल. त्याच्या पोटात काय होतं, त्याचं लहानपण कसं गेलं, हेही मला माहीत नाही. पण एका घाबरलेल्या पोरीला ती काय सांगू शकेल तेच विचारावं, हे त्याला कळत होतं. आईचं नाव सांगता येत नाही, रंग सांगता येत नाही, पण मिरची सांगता येते. याहून मोठा गुप्तहेर मी कुठल्याही पुस्तकात पाहिला नाही.

2027 मध्ये नाशिकला पुन्हा सिंहस्थ आहे. लाखो माणसं गंगेवर येतील आणि मुलं हरवतील, दर सिंहस्थात हरवतात. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. मूल हरवल्याची तक्रार द्यायला 24 तास थांबावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणून लगेच नोंदवायची, अपहरण गृहीत धरून. 112 किंवा 1098 फिरवा. आणि एखादं मूल एकटं उभं दिसलं तर त्याचा हात ओढून चालू लागू नका. तिथंच खाली बसा. तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर येऊ द्या. नाव विचारा. ते गप्प राहिलं तर थांबा, आणि मग विचारा, आई काय घेत होती?